चित्र मोठे होते, माहितीचे काय?

जुने छोटे छायाचित्र मोठे करू लागले की ते धूसर होते. संगणकावरील चित्र म्हणजे रंगबिंदूंची चौकट होय. १०० बिंदू लांब आणि १०० बिंदू रुंद अशा चित्रात १०,००० बिंदू असतात. त्याची लांबी-रुंदी चौपट केली, तर १,६०,००० बिंदू लागतात. मग हे जादा १,५०,००० बिंदू आणावयाचे कोठून?

पूर्वापार पद्धतीत शेजारच्या बिंदूंवरून मधले रंग हिशेबाने काढतात. त्यात कडा पुसट होतात. २०१४ साली चाओ डोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन थरांचे न्यूरल नेटवर्क या कामी वापरले. त्याची रीत सोपी आहे. स्पष्ट चित्रे मुद्दाम धूसर करावयाची, त्यांवरून मोठे चित्र रचावयास नेटवर्कला लावावयाचे आणि मुळाशी ताडून चूक कमी करीत जावयाचे. अशा असंख्य उदाहरणांतून कडा, केस, विटा, पाने कशी दिसतात हे नेटवर्क शिकते. पुढे एक नेटवर्क चित्र रचते व दुसरे ते पारखते, अशीही योजना झाली. चित्रे अधिक रेखीव झाली.

परंतु रेखीव म्हणजे खरे नव्हे. इस्रायलमधील टेक्निऑन संस्थेच्या ब्लाऊ व मिखाएली यांनी २०१८ साली गणिताने दाखवून दिले की, एका मर्यादेपलीकडे चित्र अधिक स्वाभाविक दिसावे असा प्रयत्न केल्यास मुळाशी असलेली निष्ठा कमी होते. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या अशाच एका पद्धतीला बराक ओबामा यांचे धूसर चित्र देण्यात आले. तिने गोऱ्या माणसाचा चेहरा रचला. चित्र सुबक होते. माणूस मात्र निराळा होता.

कारण उघड आहे. पुसली गेलेली माहिती नेटवर्क परत आणीत नाही. पूर्वी पाहिलेल्या चित्रांवरून ते अनुमान करते. शाळेतील भित्तिचित्रासाठी किंवा गावाच्या स्मरणिकेसाठी एवढे पुरेसे आहे. जीर्ण दप्तरातील नोंदीचे तसे नाही. तेथे ‘घ’चा ‘ध’ किंवा ‘१’चा ‘९’ झाला, तर नाव बदलेल, क्षेत्र बदलेल. आणि अक्षर सुस्पष्ट असल्याने कोणाला शंकाही येणार नाही.

म्हणून मोठ्या केलेल्या प्रतीवर तसा शेरा असावा, मूळ प्रत जपून ठेवावी आणि निर्णय मुळावरूनच व्हावा. अनुमानाला पुराव्याचे स्थान न देणे, हीच या उपयुक्त साधनाच्या वापरातील खरी दक्षता होय.