परतून आलेली गांठ

लहान मेंदूंतील गांठ शस्त्रक्रियेनें काढली, किरणोपचार झाले, औषधांचे क्रम पुरे झाले, मूल पुन्हा शाळेंत जाऊं लागलें. आणि कांहीं वर्षांनीं तपासणीच्या चित्रांत पुन्हा एक छाया दिसली. अशा वेळीं आईबापांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : जुनाच वैरी परत आला काय ? श्रोत्यांस हा प्रश्न भाबडा वाटेल. परंतु आज शास्त्रज्ञहि तोच विचारतात, आणि त्याचें उत्तर नेहमींच होकारार्थी येत नाहीं.

मुलांच्या ह्या गांठीस १९२५ सालीं अमेरिकेंतील पर्सिव्हल बेली व हार्वे कुशिंग ह्यांनीं मेड्युलोब्लास्टोमा हें नांव दिलें. त्यांचें साधन सूक्ष्मदर्शक यंत्र. पुढें कित्येक दशकें निदान डोळ्यांच्याच भरंवशावर चाललें. परंतु दिसावयास सारख्या असलेल्या पेशी स्वभावानें सारख्या असतातच असें नाहीं. पेशींतील डीएनए हा एक ग्रंथ मानिला, तर त्याच्या अक्षरांवर मिथिल नांवाच्या रासायनिक कणांच्या खुणा असतात, आणि कोणतें पान वाचावयाचें व कोणतें मिटून ठेवावयाचें हें ठरण्यांत त्यांचा हात असतो. अक्षर तेंच राहतें, वाचन बदलतें. ह्या खुणांची मांडणी पेशीचें कुळ सांगते, आणि गांठ झाल्यावरहि ती नोंद बहुतांशीं पुसली जात नाहीं. हायडेलबर्ग येथील संशोधकांनीं २०१८ सालीं सुमारें २,८०० नमुन्यांच्या खुणा जमवून ८२ प्रकारच्या गांठी ओळखणारी संगणकीय पद्धति प्रसिद्ध केली. तीच पुढें १,१०० हून अधिक नव्या रुग्णांस लावून पाहतां शेंकडा १२ निदानें बदलावीं लागलीं. निदान करणारांस नम्र करावयास एवढी संख्या पुरे आहे.

मेड्युलोब्लास्टोमाचे मुख्य गट चार. गांठ परतली तरी तिचा गट बदलत नाहीं, असें २०१३ सालीं टोरांटोच्या संशोधकांनीं दाखविलें. मग वर्षांनंतर दिसलेली गांठ कोणत्याच गटाशीं जुळेनाशी झाली तर ? ती परतलेली गांठच नव्हे. पहिल्या आजारावर दिलेल्या किरणांतून उपजलेली ती ग्लायोमा नांवाची वेगळीच गांठ असल्याचें कांहीं मुलांत आढळलें आहे. सूक्ष्मदर्शकाखालीं दोहोंची गफलत होऊं शकते. आणि एकीसाठीं आखलेले उपचार दुसरीवर लावण्यांत मुलाच्या हातचे मोजके महिने खर्ची पडतात. ओळख पटली म्हणजे औषध सांपडलें, असें मात्र कोणीं समजूं नये. किरणोपचार होऊन गेल्यावर परतलेल्या मेड्युलोब्लास्टोमांतून वांचणारीं मुलें आजहि थोडींच.

म्हणून परतलेल्या गांठीचा तुकडा पुन्हा तपासावा, असा आग्रह वाढत आहे. मेंदूवर दुसऱ्यांदा शस्त्र चालवावयास शल्यचिकित्सक कचरतात, आईबाप त्याहून अधिक. आणि हें कचरणें गैर नव्हे. तुलनेस पहिला नमुनाहि लागतो. तो मेणाच्या ठोकळ्यांत बसवून ठेवलेला असतो. गांव बदलतांना पालक कागद व चित्रें जपून नेतात, ठोकळ्याची चौकशी करावयाचें राहून जातें. ती अवश्य करावी. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनशाळेंत सूक्ष्म आरएनए व थोडीं जनुकें मोजून मेड्युलोब्लास्टोमाचे गट ओळखण्याची जी रीत २०१३ सालीं प्रसिद्ध झाली, तीहि अशाच ठोकळ्यांतील पेशींवर बसविलेली आहे.