धरणाचा खेळ आणि संगणकाची आज्ञावली



तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळे माकणी हे गाव जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. धरणात पाणी किती आले, किती उरले, कालव्याला केव्हा सुटणार, हा येथील घरोघरच्या चर्चेचा विषय होय. संगणकावर खेळ तयार करू इच्छिणाऱ्या येथील विद्यार्थ्याला पहिल्या अभ्यासासाठी याहून चांगला विषय शोधूनही सापडणार नाही.

मोबाइलवर खेळणारी मुले आज गावोगावी आहेत. असा खेळ आपणही करावा असे त्यांतील काहींना वाटते. ही इच्छा हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेला आपल्या ‘राजी’ या खेळासाठी २०१७ मध्ये काढलेल्या लोकवर्गणीत ठरविलेली रक्कम जमविता आली नाही. तरीही काम चालू राहिले आणि २०२० मध्ये तो खेळ जगापुढे आला. मात्र नवशिका विद्यार्थी पहिल्याच दिवशी तेवढाच भव्य खेळ करावयास बसतो आणि थोड्याच दिवसांत कंटाळून सोडून देतो. मॉस्को येथे १९८४ मध्ये अलेक्सी पाजितनोव्ह यांनी रचलेल्या ‘टेट्रिस’मध्ये केवळ सात आकार होते व प्रत्येक आकारात चार चौकोन. खेळ लहान असावा, पण पूर्ण व्हावा.

धरणाचा खेळ असाच लहान आहे. एक पाळी म्हणजे एक पंधरवडा. धरणातील साठा ही एक संख्या. पूर्ण क्षमता १०० एकके समजावी. प्रत्येक पाळीत फासा टाकावा त्याप्रमाणे संगणकाने पाण्याची आवक ठरवावी, खेळणाऱ्याने कालव्याला किती पाणी सोडावयाचे ते सांगावे, आणि साठा क्षमतेबाहेर गेल्यास जादा पाणी दारांतून नदीत जावे. वर्षअखेर पिके वाचली व पिण्यापुरते पाणी उरले, तर खेळणारा जिंकला. चित्रांची आवश्यकता नाही. पडद्यावर आकडे उमटले तरी पुरे. बदलती संख्या जपून ठेवणे, अट तपासणे, तीच कृती पुनःपुन्हा करविणे, या आज्ञावलीच्या पायाभूत गोष्टी एवढ्यात येऊन जातात.

खरे शिक्षण पुढे आहे. साठा १० असताना खेळणाऱ्याने १५ एकके मागितली, तर संगणक निमूटपणे उणे ५ असे उत्तर देतो. उणे पाणी कोणत्याही धरणात नसते! ही चूक डोळ्यांना दिसते, म्हणून सोपी. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. साठा ९५, आवक २० आणि कालव्याची मागणी १५ असे धरू. जादा पाणी आधी नदीत सोडून मग कालव्याला दिले, तर साठा ८५ उरतो. कालव्याला आधी देऊन मग क्षमता तपासली, तर १०० उरतो व थेंबही वाया जात नाही. दोन्ही आज्ञावल्या विनातक्रार चालतात. अंतर १५ एककांचे आहे. बरोबर कोणती? याचे उत्तर संगणकापाशी नाही. ते धरणावरील कर्मचाऱ्यांना विचारून ठरवावे लागते. जेथे यंत्र चूक दाखवीत नाही, तेथे ती ओळखणे म्हणजेच कौशल्य वाढणे होय.

यासाठी उपाय जुनाच आहे: कागदावर तक्ता आखावा, प्रत्येक पाळीची आवक, विसर्ग व साठा हाताने मांडावा आणि पडद्यावरील आकड्यांशी ताडून पाहावा. आवकेच्या आज्ञा एका गटात, विसर्गाच्या दुसऱ्या गटात ठेवाव्यात, म्हणजे चूक कोठे आहे ते लवकर उमगते. बदल करण्यापूर्वी कालची प्रत तारीख घालून जपावी. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने संपूर्ण आज्ञावली क्षणात लिहून देतात. त्यांचे साहाय्य घेण्यास हरकत नाही. परंतु साठा ८५ का आला हे ज्याला सांगता येत नाही, तो खेळ त्याचा नव्हे.

साधने विनामूल्य आहेत. लहान मुलांसाठी अमेरिकेतील एमआयटी संस्थेने २००७ मध्ये खुले केलेले ‘स्क्रॅच’, मोठ्यांसाठी ‘पायथन’. एकदा संगणकावर घेतल्यावर दोन्ही इंटरनेटवाचून चालतात. पुढे चित्रे, हालचाल व ध्वनी हवा झाल्यास २०१४ पासून सर्वांना मुक्त असलेले ‘गोडो’ आहे. महागड्या वर्गाची फी भरण्याआधी पालकांनी एवढे अवश्य पाहावे. अडचण बहुधा संगणक कक्षाच्या कुलपाची असते. आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर तासभर ते कुलूप उघडणे शिक्षकांच्या हाती आहे, आणि विजेची व दुरुस्तीची सोय पाहणे पंचायतीच्या. शिक्षकाला आज्ञावली येत नसली तरी बिघडत नाही. हिशेब पडताळून पाहणारा वडीलधारा माणूस जवळ असला म्हणजे झाले.

पहिला खेळ पुरा झाल्यावर तो दुसऱ्या विद्यार्थ्यापुढे, काहीही न समजावता, ठेवावा आणि तो कोठे अडखळतो ते शांतपणे टिपून घ्यावे. त्यानंतर एकाऐवजी दोन खेळाडू करावेत: एक कालव्याच्या मुखाशी शेती असलेला, दुसरा शेवटच्या टोकाचा. मुखाशी असलेल्याने किती पाणी उचलावे, याचा नियम मुलांनीच बसून ठरवावा व मग आज्ञावलीत घालावा.