दवाखान्याचे पैसे कोण भरते?



मुदतीआधी ठेव मोडणाऱ्याला कारण विचारले, तर बहुधा तीनपैकी एक उत्तर मिळते: लग्न, घर किंवा दवाखाना. पहिल्या दोन खर्चांची तयारी आपण वर्षानुवर्षे करतो, तिसऱ्याची करत नाही. म्हणून आज देशाच्या आरोग्यखर्चाविषयी बोलू. विषय मोठा वाटला, तरी तो शेवटी आपल्या पासबुकापर्यंतच येतो.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ या वर्षात देशाचा आरोग्यावरचा एकूण खर्च सुमारे ९ लाख ४ हजार कोटी रुपये होता. हा खर्च १०० रुपये धरला, तर त्यातले ४८ रुपये केंद्र, राज्ये आणि स्थानिक संस्था मिळून सरकारने केले. सुमारे ७ रुपये खासगी आरोग्य विम्यातून आले. थोडे मालक, धर्मादाय संस्था वगैरेंकडून आले. आणि ३९ रुपये? ते कुटुंबांनी थेट खिशातून दिले.

सरकारचे ४८ रुपये तरी कुठून येतात? आपल्याच करांतून. प्राप्तिकर भरणारा त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर भरतो. कर न भरणाराही वस्तू घेताना जीएसटी देतो. कामगार विमा योजनेतील, म्हणजे ईएसआयमधील कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. म्हणजे पैसा बहुतेक आपलाच. फरक एवढाच, की कर आणि विम्याचा पैसा आजारपणाआधी, सगळ्यांनी मिळून भरलेला असतो. खिशातला पैसा आजारपणातच, एकट्याने भरावा लागतो. घर कर्जात बुडते ते या दुसऱ्या प्रकारात.

खिशातल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये १०० रुपयांत ६४ होता, तो ३९ वर आला. ही चांगली गोष्ट आहे. पण माणशी रक्कम पाहा: तेव्हा वर्षाला २,३३६ रुपये होती, २०२१-२२ मध्ये २,६०० झाली. टक्का घटला, रुपये घटले नाहीत. चौघांच्या घराला हे वर्षाला १०,४०० रुपये होतात. तेही सरासरीने, आणि आजार काही सरासरीने येत नाही. एका घरात खोकल्याचे औषध पुरते, शेजारच्या घरात शस्त्रक्रियेचे बिल लाखात जाते.

मग आपण काय करायचे? तीन गोष्टी.

पहिली, ज्याचे पैसे आधीच भरले आहेत ते घ्या. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतात. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ही सोय आहे. घरात कोणी पात्र असेल तर कार्ड आजच काढा आणि जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे, हे विचारून ठेवा. ईएसआयमध्ये असाल, तर त्याचे कार्डही हाताशी ठेवा.

दुसरी, अशा योजनेत बसत नसाल, तर आरोग्य विमा घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. अर्ज भरताना जुना आजार लपवू नका, आणि कोणत्या आजाराला किती प्रतीक्षा काळ आहे हे सहीआधी वाचा.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. आयुष्मान कार्ड मुख्यतः दाखल रुग्णासाठी असते, आणि बऱ्याच विमा पॉलिसींचेही तसेच. डॉक्टरांची फी, तपासण्या, मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या खिशातूनच जातात. त्यासाठी वेगळे आवर्ती खाते उघडा. वर सांगितलेले १०,४०० रुपये बारा महिन्यांत वाटले, तर महिन्याला साधारण ८७० होतात. एवढ्याने सुरुवात करा, जमत नसेल तर दोनशेने करा. जनऔषधी केंद्रातून जेनेरिक औषधे घेतलीत, तर तेच पैसे जास्त दिवस पुरतील.

लेकीच्या शिक्षणाची ठेव दवाखान्याच्या काउंटरवर मोडावी लागू नये, एवढ्यासाठीच हे सांगणे. आज घरी गेल्यावर दोन गोष्टी तपासा: कार्ड आहे का, आणि आजारपणासाठी वेगळे पैसे आहेत का.