'शारदा' आणि अर्धा कोयता

सातारा व सांगली आज दोन जिल्हे आहेत. परंतु 1960 पर्यंत सांगली जिल्ह्याचे नावच 'दक्षिण सातारा' होते. या मातीत नाटकाचे मूळ जुने आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. 'संगीत शारदा'चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. तेव्हा येथील हौशी मंडळी 'शारदा' बसवितात, ती घरच्या देवाची पूजा केल्यासारखी. दिवसभर बँकेत वा शाळेत राबून रात्री तालमी, ऑर्गनवाल्याची मनधरणी, आणि पदरचे पैसे. पदांना थोडी कात्री लागते. त्याबद्दल त्यांना नावे ठेवू नयेत.

तक्रार निराळीच आहे. थेरड्या भुजंगनाथाला प्रेक्षक पोटभर हसतात आणि 'किती ते जुने दिवस!' म्हणत घरी जातात. वस्तुतः 1899 च्या या नाटकाचे मर्म भुजंगनाथात नसून कांचनभटात आहे. तो मुलीचा बाप आहे, आणि विक्रेताही. देवलांनी विवाहाच्या मांडवात बाजार पाहिला. एवढे असूनही नाटकातले लग्न मोडते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे, वयामुळे नव्हे! समाजाला तेवढेच कारण पटण्याजोगे होते.

पुढे 1929 च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान वय 14 ठरविले, 1978 मध्ये ते 18 झाले. या कायद्याचे नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडले, नाटकावरून नव्हे. पण मराठी कानाला दोन्ही एकच वाटत आले. आणि बाजार? त्याने गिऱ्हाईक बदलले. बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला याच सातारा-सांगलीच्या फडांत येतात. मुकादमाची उचल जोडीला मिळते. नवराबायको मिळून एक 'कोयता'. एकटा गडी 'अर्धा कोयता'. कोरडवाहू शेती, डोक्यावर कर्ज आणि हंगामात मुलीला मागे ठेवायला सुरक्षित घर नाही, अशा बापाला तिचे लग्न लवकर उरकणे भाग वाटते. त्याला कांचनभट म्हणणे अन्यायाचे होईल. कांचनभटाला लोभ होता, याला पर्याय नाही. उचलीचा हिशेब मात्र जोडीच मागतो, आणि वय विचारीत नाही.

म्हणून हौशी मंडळींना एक सुचवावेसे वाटते. हंगामात एक प्रयोग साखर कारखान्याच्या आवारात, विनातिकीट व्हावा. कोप्यांवरच्या बायका पुढच्या रांगेत बसाव्यात, मुकादमांनाही बोलवावे. ऑर्गन ट्रकमध्ये सहज मावतो.