परदेशी जाणाऱ्या शिक्षकाची शिदोरी



महाराष्ट्र आणि जपानमधील वाकायामा प्रांत यांच्यात २०१३ मध्ये सहकार्याचा करार झाला. अशा देवघेवीतून जपानला निघालेला शिक्षक भेटवस्तूंसाठी प्रथम बाजार गाठतो आणि वारली चित्रे छापलेले डझनभर पेले घेऊन परततो. सामान जड होते. परंतु तेथील विद्यार्थ्याने ‘हे चित्र कोणी काढले?’ असे विचारताच शिक्षक निरुत्तर होतो. वारली घरात लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने ते भिंतीवर रेखाटतात, एवढे तरी त्याला सांगता यावे.

त्यापेक्षा सावंतवाडीच्या गंजिफांचा एकच संच न्यावा. ही गोल पाने हाताने रंगविलेली असतात. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने, अशी एकूण १२० पाने. संच स्वस्त नाही, हे खरे. शिक्षकाच्या खिशावर भार न टाकता ग्रामपंचायतीने व शाळेने तो उचलावा.

जपानी मुले नववर्षाला शंभर कवितांचा ‘कारुता’ खेळतात. त्या खेळाचे नावही पोर्तुगीज भाषेतून तिकडे गेले आहे. तेव्हा गंजिफा त्यांना परकी वाटणार नाही. मात्र जाण्यापूर्वी शिक्षकाने आपल्या वर्गात डाव मांडून नियम पक्के करावेत, अन्यथा संच तेथील कपाटात पडून राहील. सुट्या वस्तू चारच्या संख्येने देऊ नयेत. जपानीत ‘चार’ आणि ‘मृत्यू’ यांचा उच्चार एकच, ‘शि’. आणि पाने रंगविणाऱ्या कारागिराचे नाव व गाव चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवावे.