विक्रमांचा हिशेब

निपाणीपासून फार दूर नाही असे, चिकोडी तालुक्यातील एकसंबा हे गाव. तेथील श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगांना हरवून पहिल्या ‘हिंद केसरी’चा मान मिळविला. २०२० साली ते निवर्तले. पण बेळगाव-निपाणीकडील जत्रांच्या फडांवर त्यांचे नाव कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कुस्तीत आकड्यांचा विक्रम नसतो. कोण कोणाला चीत करतो, हे फडाभोवती बसलेली माणसे डोळ्यांनी पाहतात, आणि त्यामागे पहाटेचे जोर-बैठका, दूध, तूप व बदामाचा खुराक आणि हौद्यातील तांबडी माती आहे, असा त्यांचा विश्वास असतो. तो विश्वास काढून घेतला, तर गदा ही केवळ एक शोभेची वस्तू उरेल.

योगायोग असा, की खंचनाळ्यांच्या विजयाच्या आदल्याच वर्षी, १९५८ साली, अमेरिकेत मेथँडिएनोन नावाची गोळी बाजारात आली. पुरुषाच्या शरीरात निसर्गतः तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या द्रव्याचे हे कृत्रिम रूप. अशा औषधांना स्टेरॉइड म्हणतात. त्यांच्याविषयी एक गैरसमज आहे. गोळी घेणारा आळशी असतो आणि औषध त्याचे काम करते, असे लोकांना वाटते. वस्तुतः तो इतरांपेक्षा अधिकच व्यायाम करू शकतो, कारण थकलेला स्नायू लवकर सावरतो आणि लवकर वाढतो. म्हणूनच ‘घाम तर मीच गाळला’ असे त्याला मनापासून वाटू शकते. फसवणूक इतकी अवघड होऊन बसते ती याच कारणाने.

आकड्यांवर जगणाऱ्या खेळात हा प्रश्न किती चिघळतो, हे अमेरिकेच्या बेसबॉलने दाखविले. तेथे फलंदाजाने चेंडू कुंपणापलीकडे धाडला, की त्याला होमरन म्हणतात. आपल्याकडील षटकाराचाच हा भाऊ. बेब रूथने १९२७ साली एका हंगामात ६० होमरन केले. रॉजर मॅरिसने १९६१ साली ६१ करून तो विक्रम मोडला. पुढे सदतीस वर्षे त्याला कोणी हात लावला नाही. मग १९९८ साली मार्क मॅग्वायरने ७०, आणि २००१ साली बॅरी बाँड्सने ७३ होमरन केले. डोंगराला एकाएकी एवढी उंची कशी आली, असे कोणीतरी विचारावयास हवे होते. परंतु १९९४ सालच्या खेळाडूंच्या संपानंतर रुसलेला प्रेक्षक त्या होमरनच्या शर्यतीमुळे परत आला होता, आणि तिकिटे खपत असताना चौकशी कोणाला हवी असते? स्टेरॉइडला १९९१ सालीच मनाई सांगण्यात आली होती. तपासणी मात्र २००३ सालापर्यंत सुरू झाली नाही. ज्या परीक्षेत पर्यवेक्षकच नाही, तिच्या गुणपत्रिकेवर विसंबावे कसे, हे शिक्षकांनाच विचारावे.

मॅग्वायरने २०१० साली कबुली दिली. बाँड्सने जाणूनबुजून घेतल्याचे कधीच मान्य केले नाही. त्याचे कारकिर्दीतील ७६२ होमरन आजही यादीत पहिले आहेत. त्याने मागे टाकलेल्या हँक आरनचे ७५५. मात्र मानकऱ्यांच्या दालनात बाँड्सला प्रवेश मिळाला नाही. वृत्तपत्रलेखकांनी सलग दहा वर्षे, २०२२ पर्यंत, त्याला पुरेशी मते दिली नाहीत. आकडा राहू द्यावा आणि मान राखून ठेवावा, अशी ही तोड आहे. ती अगदीच अन्याय्य म्हणता येत नाही. त्या होमरनांनी सामने जिंकले गेले, गोलंदाज हरले. ते आता कसे पुसणार? शर्यतीच्या खेळाने मात्र वेगळा मार्ग धरला. १९८८ साली सेऊलच्या ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनने शंभर मीटर ९.७९ सेकंदांत पार केले, आणि तीन दिवसांत स्टेरॉइड आढळल्याने सुवर्णपदक त्याच्याकडून काढून कार्ल लुईसला देण्यात आले.

महाराष्ट्रालाही हा धक्का बसला. २०११, २०१२ व २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेला नरसिंग यादव २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून रिओ ऑलिंपिकच्या उंबरठ्यावर पोहोचला होता. जुलै २०१६ मध्ये त्याच्या नमुन्यात सापडले तेच जुने मेथँडिएनोन. कोणी तरी आपल्या अन्नपाण्यात ते मिसळले, असे तो म्हणाला. देशातील समितीने ते मानले. पण १८ ऑगस्ट रोजी, त्याची कुस्ती दुसऱ्या दिवशीवर आली असताना, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने घातपाताचे म्हणणे फेटाळले आणि चार वर्षांची बंदी घातली. नियम कठोर आहे: शरीरात जे सापडले त्याची जबाबदारी मल्लाची, ते आपल्या दोषाविना आले हे त्यानेच सिद्ध करावयाचे. एरवीच्या कायद्यात आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावा लागतो. येथे उलटे आहे, आणि निरपराध माणूस त्यात सापडणारच नाही, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. तरीही नियम सैल केला, तर प्रत्येक जण अज्ञात शत्रूचेच नाव सांगेल.

मोठ्या मल्लांचे हे झाले. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचे काय? दूध-बदामाला रोज पैसे लागतात आणि अंग भरावयास वर्षे लागतात; दुकानातील डबा मात्र महिन्याभरात दंड फुगविण्याची लालूच दाखवितो. त्या डब्यातील पावडरीत नेमके काय आहे, हे वेष्टनावर खरे छापलेले असेलच असे नाही. बंदी असलेली द्रव्ये अशा पदार्थांत अनेकदा आढळली आहेत. वाढत्या वयात स्टेरॉइड घेतले, तर हाडांची टोके वेळेआधीच जुळून उंची खुंटते. यकृतावर व हृदयावर ताण येतो, आणि शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन तयार करणे कमी करते. यांपैकी काहीही फडावरच्या प्रेक्षकाला दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त दंड.

भारतात उत्तेजकविरोधी कायदा २०२२ साली झाला. आता खेळाडूचा नमुना दहा वर्षांपर्यंत राखून ठेवून नव्या यंत्रांनी पुन्हा तपासता येतो. वीस वर्षांच्या मल्लाने आज जिंकलेली कुस्ती त्याच्या तिशीपर्यंत मोकळीच राहील.