मंडपातील वीज : मोजमापे दोन, उत्तरे दोन
(गणेशोत्सवाच्या तयारीसाठी भरलेल्या कार्यकर्त्यांच्या सभेतील भाषण)



नोकरीनिमित्त आपण महाराष्ट्राबाहेर आलो, पण शाळेतला ओहमचा नियम काही मागे राहिलेला नाही. जॉर्ज सायमन ओहम हे जर्मनीतले शिक्षक. १८२७ साली त्यांनी तो ग्रंथरूपाने मांडला. आज त्याचा उपयोग आपल्या मंडपापुरता पाहू.

मोजायच्या गोष्टी दोनच : व्होल्ट आणि अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो, ओहममध्ये. दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते, वॅटमध्ये. हॅलोजन आणि शेगडीला हा गुणाकार जसाच्या तसा लागू पडतो. एलईडी आणि मोटारीसाठी पॉवर फॅक्टरही धरावा लागतो.

समजा, रंगमंचावर ५०० वॅटचे चार हॅलोजन आणि ३०० वॅटची इतर उपकरणे आहेत. एकूण २३०० वॅट. २३० व्होल्टने भागा : धारा १० अँपिअर. या भाराचा रोध २३ ओहम.

आता वायरकडे वळू. रंगमंच मुख्य बोर्डापासून ५० मीटरवर आहे. वीज जाते तशी परतही येते, म्हणून लांबी १०० मीटर धरायची. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा एवढ्या लांबीचा रोध सुमारे १.८ ओहम. १० अँपिअरने गुणले की १८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि वायरमध्ये १८० वॅट उष्णता तयार होते. मोकळ्या वायरीवर ती पसरून जाते. गुंडाळी करून सतरंजीखाली दाबली, तर साठत राहते. म्हणून वायर जाड घ्यावी आणि पूर्ण उलगडावी.

खरा धोका मात्र सैल जोडात असतो. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या जोडाचा रोध अर्धा ओहम असला, तर १० अँपिअरला तिथे ५ व्होल्ट पडतात आणि ५० वॅट उष्णता निघते. डाग देण्याची साधी इस्त्री २५ वॅटची असते! कापडी कनातीला टेकलेला असा जोड म्हणजे पेटती इस्त्रीच. त्यात भार दुप्पट केला, तर उष्णता चौपट होते.

"एमसीबी आहे ना!" असे कोणी म्हणेल. पण एमसीबीला फक्त धारा कळते. सैल जोडाने धारा वाढत नाही, उलट किंचित कमीच होते. त्यामुळे जोड जळत राहील आणि एमसीबी मात्र शांत बसेल.

मग तो ओळखायचा कसा? परवानाधारक वायरमनकडून सर्व दिवे चालू असताना क्लॅम्प मीटरने धारा आणि दोन्ही टोकांचे व्होल्टेज मोजून घ्या. हिशेबाने १८ व्होल्टचा फरक यायला हवा आणि मीटर २३ दाखवत असेल, तर ते जास्तीचे ५ व्होल्ट कुठेतरी जोडात जळत आहेत. तो जोड शोधून, कनेक्टर लावून घट्ट करा आणि मगच पडदा उघडा.

या मंडपात आपली मुले नाटक करतात, आजी-आजोबा आरतीला बसतात. त्यांच्यासाठी एवढा गुणाकार-भागाकार रोषणाईच्या आधी व्हायलाच हवा.

गणपती बाप्पा मोरया!